कमी पडलेली गर्दी

आमच्या थोरल्या जाऊबाई दर डिसेंबरात देशाचं अख्खं वर्ष कापून-सांधून दहा मिनिटांत बसवायच्या. गंमत म्हणून सांगत नाही, ते त्यांचं कामच होतं. सरकारच्या वृत्तपट खात्यात त्या फिल्म जोडायच्या. कॅमेरेवाले गावोगाव फिरून रिळं आणायचे, काय ठेवायचं नि काय टाकायचं ते साहेब सांगायचे, आणि मागच्या खोलीत काचेच्या टेबलाखालचा दिवा लावून, पांढरे हातमोजे घालून जाऊबाई कापायच्या, खरवडायच्या, चिकटवायच्या. खात्यात सगळे त्यांना कातरबाई म्हणत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवायचं.

मी बसायचे थिएटरच्या तिकीट खिडकीत. पिक्चर सुरू होण्याआधी सरकारी वृत्तपट दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं, त्यामुळे जाऊबाईंचा माल शेवटी माझ्याच दुकानात यायचा. घरात आम्ही दोघीच. थोरले दीर बोटीवरून आजारी होऊन आले आणि सहा महिन्यांत गेले. माझा नवरा त्याच कंपनीच्या बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येऊन नुसती लुडबुड करून जायचा. जाऊबाईंना मूल नव्हतं, माझी दोन मुलं लग्न होऊन लांब गेलेली. दोन जावा एका घरात सुखानं नांदतात यावर इमारतीतल्या कोणाचा विश्वास बसत नसे. भांडायला वेळ कोणाला होता? मी खिडकीतल्या गमती रंगवून सांगायला लागले की जाऊबाई दोन बोटांची कात्री करून हवेत कच्चकन चालवायच्या. म्हणजे, पुरे, मुद्द्यावर ये.

तर त्या वर्षाच्या मुद्द्यावर येते. जानेवारीत आमच्या संघानं फुटबॉलचा मोठा सामना जिंकला आणि आठवडाभर ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमच्या इमारतीतला नळवाला, जो एरवी सरळ बघायलाही तयार नसायचा, त्यानं आमचा गळका नळ आपणहून बदलून दिला. मग पाव महागला. मग गिरण्यांचा संप झाला. मार्चमध्ये लोक मोर्चा घेऊन नदीवरच्या पुलावर गेले आणि पलीकडच्या टोकाला शिपाई उभे होते. गोळीबार सगळ्या शहरानं ऐकला. दुसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं, पुलावर कोणीही मेलेलं नाही, काही तरुण घाबरून आपापल्या गावी निघून गेले आहेत. ते तरुण काही परत आले नाहीत. त्यांच्या आया आणि बायका काही दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसल्या, मग तिथूनही उठवल्या गेल्या. उन्हाळाभर सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. माझ्या खिडकीशी लोक बाल्कनीचं तिकीटसुद्धा कुजबुजून मागायचे.

वर्ष सरता सरता, थंडी पडायला लागल्यावर, मोठ्या चौकात नव्या सरकारचा शपथविधी झाला. नवं म्हणजे काय, टोप्या बदलल्या, डोकी तीच. मंडप होता, बँड होता, माणसं नव्हती. कचेऱ्यांतले कारकून आणि शाळेची पोरं आणून उभी केली तरी मधे फरशी दिसत होती.

आणि डिसेंबर आला. वर्षाचा वृत्तपट करायचा होता. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त पाठीचा कणा घरच्या कपाटात ठेवून ऑफिसला यायचा. त्यानं शपथविधीचं रीळ पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "कातरबाई, गर्दी कमी पडतेय. जरा भरा."

यात नवीन काही नव्हतं. कुठल्याशा कालव्याच्या उद्घाटनाला जाऊबाईंनी सर्कशीत टाळ्या वाजवणारी पोरं लावली होती, ते आम्ही घरी पोट धरून हसत ऐकलं होतं. गर्दी ही गर्दीच असते, ऋतूचे कपडे तेवढे जुळवायचे. या वेळी त्यांनी जानेवारीतला सामना काढला. तिथंही लोक कोटांत, इथंही कोटांत. गोल झाल्यावर उड्या मारणारे, ओरडणारे, हसणारे चेहरे त्यांनी निवडून कापले आणि शपथ घेणाऱ्यांच्या मधे मधे बसवले. पाहताना वाटावं, देश आनंदानं वेडा झालाय. आणि होताच ना तो झालेला, फक्त दहा महिने आधी आणि एका चेंडूसाठी. पुलाचं काहीच नव्हतं त्यात. मार्च महिन्यात आमच्या देशात, वृत्तपटाप्रमाणे, एक दुधाची डेअरी सुरू झाली.

थिएटरच्या मागच्या गल्लीत एका इस्त्रीवाल्या बाईंचं दुकान होतं. एकुलता मुलगा सायकलवरून कपड्यांचे गठ्ठे घरोघर पोचवायचा. खेळताना पडून त्याचा पुढचा दात तुटला होता, तेव्हापासून तो तोंडावर हात धरूनच हसायचा. मला तो चांगला आठवतो, उधारीवर तिकीट मागायचा आणि मी दिलं नाही तरी हसायचा, हात धरूनच. पुलावर गेलेल्यांत तो होता. त्या दिवसापासून बाईंनी दुकान उघडलं नव्हतं. शेजारीण भाकरतुकडा नेऊन द्यायची, तो तसाच वाळून जायचा.

ही शेजारीणच जानेवारीच्या सुरुवातीला त्यांना बळंबळं पिक्चरला घेऊन आली. म्हणाली, बाहेरचं वारं लागेल, चार माणसं दिसतील. वृत्तपट चालू असताना आतून गलका झाला. डोअरकीपरला वाटलं कोणी चक्कर येऊन पडलं. बाहेर आणलं तर इस्त्रीवाल्या बाई, पण चक्कर वगैरे काही नाही, चेहरा असा की मी खिडकी सोडून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्या एकट्या आल्या. पिक्चर सुरू व्हायच्या आत बाहेर पडल्या. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी विचारलं, "बाई, पिक्चर आवडत नाही का?"

"पिक्चर कोणाला बघायचंय?" त्या म्हणाल्या. "माझा मुलगा आहे त्यात. शपथविधीच्या गर्दीत. जिवंत आहे तो." मग माझा हात खिडकीतून ओढून घट्ट धरला. "तोंडावर हात धरायला विसरलाय बघा, इतका खूश आहे. त्या मेल्यांच्या सरकारला बघून खूश! असेना का. हसू दे."

त्याच दिवशी त्यांनी दुकान उघडलं होतं. अंगाला इस्त्रीचा वास होता, केस विंचरलेले होते. चौकात गर्दी कुठून आली ते मला ठाऊक होतं, आम्ही त्यावरही हसलो होतो.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. रंगवून नाही, सरळ. त्या भाजी चिरत होत्या, सुरी खाली ठेवली. "दात तुटलेला?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. जोडणारीला प्रत्येक चेहरा पाठ असतो, भिंगाखाली पुन्हा पुन्हा बघितलेला. त्यांना तो मुलगा आठवत होता. निवडला त्यांनीच होता, सगळ्यांत जास्त आनंद त्याच्याच तोंडावर होता म्हणून.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय, सांगायला हवं."

"अहो, ती बाई दहा महिन्यांनी उठून बसलीय. जेवायला लागलीय. बुडत्याला काडीचा आधार, आणि तुम्ही काडी काढून घेणार?"

"ती काडी माझ्या हातची आहे, धाकटे," जाऊबाई म्हणाल्या. "तिच्या भरवशावर ती बाई पोहायला निघेल." त्या रडत होत्या. दीर गेले तेव्हाही मी त्यांना माणसांसमोर रडताना पाहिलं नव्हतं.

सकाळी आम्ही दोघी दुकानात गेलो. बाई चादरीवर पाणी शिंपडत होत्या. जाऊबाई कोण ते मी सांगितलं तर त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा ठेवला, आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू मुलाला हाताला धरून त्याच घेऊन आल्यात.

"तुम्ही जोडलीत ती फिल्म? म्हणजे तुम्ही त्याला नीट पाहिलंय."

"पाहिलंय. म्हणूनच आले." जाऊबाईंनी चहाला हात लावला नाही. "बाई, तो चौकातला नाही. मागच्या जानेवारीतल्या सामन्यातला आहे. चौकात माणसं कमी आली होती. मला गर्दी भरायला सांगितलं, मी मैदानावरची भरली. गोल झाला होता, म्हणून तो हसतोय."

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. दाराशी गेल्या, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"घाबरू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इथं आपल्याशिवाय कोणी नाही."

"मी घाबरून बोलत नाहीये हो."

"मला कळतं. मीसुद्धा पायऱ्यांवरून उठवल्यापासून दारी येणाऱ्यांना सांगत होते, मुलगा गावी गेलाय, मुलगा गावी गेलाय. पोलीस आले तरी तेच. पोटासाठी बोलावं लागतं. तुम्हाला साहेबांनी पाठवलं असेल."

"साहेबांना माहीतही नाही."

"मग मला तो सामना दाखवा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

जाऊबाईंनी मान खाली घातली. सामन्याचं रीळ राहिलं नव्हतं. जुन्या फिल्मा खात्यात धुतात, धुतल्या की त्यांच्यातली चांदी निघते. डिसेंबर संपताच सगळं जुनं धुलाईला जातं. त्या मुलाचं हसणं आता एकाच ठिकाणी शिल्लक होतं, शपथविधीत. हे त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी जाऊबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. खोटं बोलताना पकडलेल्या पोरीची समजूत काढावी तसा.

"सरकार म्हणालं, पुलावर कोणी मेलं नाही. मी शिव्या घातल्या, पायऱ्यांवर बसले, लाथा खाल्ल्या. आता एकदाच काय ते सरकारचं खरं निघालंय, तर तुम्ही म्हणता नेमकं तेवढंच खोटं?" त्या हसल्या. "जा बाई, तुमची नोकरी सांभाळा. मी कोणाला बोलणार नाही."

परत येताना माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, पुन्हा जा, ओरडून सांगा, देवाशपथ सांगा. जाऊबाई म्हणाल्या, "तिनं माझ्यावर का विश्वास ठेवावा? आमच्या खात्यानं वर्षभर तिला एक तरी शब्द खरा सांगितलाय का?" या देशात त्या वर्षी असं झालं होतं की खरं बोलणाऱ्याचा चेहराही घाबरलेलाच दिसायचा.

बाई आता दुपारी दुकान बंद करून चौकात जायला लागल्या. मुलगा एकदा तिथं आला होता तर पुन्हा येईल, असा हिशोब. पोलिसांच्या भीतीनं घरी येत नसेल, पण चौकातून जाईल तर खरा. कारंज्याजवळच्या बाकावर अंधार पडेपर्यंत बसायच्या. खोकला धरला. दुकानाचं दार पुन्हा बंद राहायला लागलं, या वेळी आशेपायी.

आणि गोष्ट तिथंच थांबली नाही. असल्या बातम्यांना पाय फुटतात. महिनाअखेरीला माझ्या खिडकीशी दुपारच्या खेळाला बायका यायला लागल्या. म्हाताऱ्या, तरण्या, एक तर बाळ घेऊन. वृत्तपट बघायच्या आणि पिक्चर सुरू होताना रांगेनं बाहेर पडायच्या. कोणाला भाऊ दिसल्यासारखा वाटायचा, कोणाला नवऱ्याची पाठ. मॅनेजर खूश, म्हणाला, पडेल पिक्चरलाही गर्दी आहे. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा तेही खूश झाले. वरून शाबासकी आली होती म्हणे. जाऊबाईंना बोलावून म्हणाले, "कातरबाई, पुढच्या वृत्तपटातही असेच चेहरे भरा. तरुण मुलांचे घ्या, जरा जास्तच घ्या. लोकांना बरं वाटतं."

जाऊबाईंनी हातमोजे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. "माझे डोळे गेले साहेब," त्या म्हणाल्या. "मला धुलाईत टाका." त्यांचे डोळे किती तीक्ष्ण होते ते साहेबांना माहीत होतं. पण त्यांनी खुर्चीत बसूनच कागदावर सही केली. धुलाईखातं म्हणजे तळघर, सोड्याच्या उकळत्या हौदात फिल्म ढवळायची. पंधरवड्यात जाऊबाईंच्या बोटांची सालं निघाली. मी रोज संध्याकाळी मलम लावायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. त्यांनी एकदाही बोटांची कात्री करून मला थांबवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी त्या चौकात जायला लागल्या. बाईंच्या शेजारी बसायच्या. मी वैतागून म्हटलं, अहो, जो येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्याची वाट बघत थंडीत बसायचं? हे काय खूळ? "तिला तिथं मीच नेऊन बसवलंय," त्या म्हणाल्या. "एकटीला कशी सोडू?"

फेब्रुवारीतल्या एका सुट्टीला मीही गेले. बाई खूप वाळल्या होत्या. आम्हाला पाहून बाकावर सरकल्या, जागा केली. येणाऱ्या-जाणाऱ्यांत तरुण मुलगा दिसला की बाईंची मान वळायची, मग परत सरळ व्हायची.

मग त्या जाऊबाईंकडे वळल्या. "तुम्ही त्याला भिंगातून पाहिलंय. मला तर पडद्यावर डोळा लवतो न लवतो तोच जातो. पुढच्या माणसाच्या टोपीनं त्याचा गळा झाकलाय. एक सांगाल? अंगात गरम काही होतं का हो त्याच्या?"

एकदा खरं सांगून झालं होतं. आता त्या माउलीला फक्त एवढंच हवं होतं की लेकराला थंडी वाजत नाहीये. जाऊबाईंच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की त्यांना पहिल्यांदाच काहीतरी देता येणार आहे, आणि तेही खोटं न बोलता.

"होतं ना," त्या लगबगीनं म्हणाल्या. "चांगला जाड मफलर होता. निळा. पुढे तो त्यानं गळ्यातून काढला आणि डोक्यावर गरगरा फिरवला, तो तुकडा मी कापून टाकला, म्हणून तुम्हाला दिसत नाही. हातानं विणलेला असणार. एका टोकाला लोकर संपली म्हणून करड्या रंगानं पुरा केलेला."

बाई समोर बघत राहिल्या. समोर एक माणूस कबुतरांना दाणे टाकत होता. मला वाटलं, मनातल्या मनात त्या मुलाला मफलर घालून बघतायत.

मग त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, मग त्याखालचं. आत गळ्याभोवती निळा मफलर होता. त्यांनी त्याचं टोक ओढून बाहेर काढलं आणि मांडीवर पसरलं. टोकाला चार बोटं करडी लोकर होती.

"एकच केला होता मी असा," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये ऊन होतं. मोर्चाला निघाला तेव्हा मी म्हटलं, घेऊन जा. म्हणाला, नको गं आई, उकडतंय. खुंटीवर टांगून गेला. तेव्हापासून माझ्याच अंगावर आहे."

जाऊबाईंनी तोंडावर हात दाबून धरला. "बाई, मी..." त्या म्हणाल्या. त्यांच्या सोललेल्या बोटांवर बाईंनी आपला हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"गोल झाला होता म्हणालात ना?"

"हो."

"कोणी केला?"

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, जाऊबाईंनाही नाही. बाईंनी मान हलवली, करडं टोक मुडपून पुन्हा कोटाच्या आत घातलं, बटणं लावली. उठताना त्यांचा तोल गेला, आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं. मला वाटलं आता घरी जायचं म्हणतील, म्हणून मी ट्रामच्या थांब्याकडे वळले.

"तिकडे नको," त्या म्हणाल्या. "मी अजून पुलावर गेलेले नाही. मला तिथं घेऊन चला."

मग आम्ही तिघी पुलाकडे गेलो.